मृणालची वाटी आणि माझा येसर

मृणाल गेल्याचा निरोप आला, तोसुद्धा देखणा होता. फोनवर तो उघडल्यावर माझ्या मनात आधी दुःख आलं नाही, हेच आलं. पांढरंशुभ्र पान, भोवती भरपूर मोकळी जागा, मधोमध तिचं नाव तिच्याच अक्षरात आणि खाली एक बारीक हिरवी रेघ. ना फुलांचा हार, ना समई, ना लाल ठळक अक्षरं. तिच्या मुलीनं, सईनं, केला होता. सकाळचे साडेदहा झाले होते. दिरांचा फोन आमच्या ह्यांना आधीच आला होता, पण ते बाहेरच्या खोलीत उभे राहून मला कसं सांगावं याचा विचार करत होते, तोवर हे पान माझ्या हातात येऊन पडलं. मी नारायणगुड्याच्या आमच्या स्वयंपाकघरात भाजलेले धणे ताटात पसरत होते. हात तसाच राहिला... आणि वाटलं, आपण जाऊ तेव्हा आपला निरोप असा कोण करणार? आपल्या वाट्याला गुलाबाची चौकट आणि पासपोर्टचा फोटोच येणार. मग धण्यांचा वास नाकात शिरला आणि मी तिथंच पाटावर बसून रडले. आधी हेवा, मग रडू. बावीस वर्षं आमच्यात हाच क्रम चालत आला होता.

मृणाल माझी धाकटी जाऊ. हैदराबादेत ज्यांच्या घरी मराठी स्वयंपाक होतो त्यांना तिचं नाव माहीत नसेल, पण तिचे पुडे माहीत असतील. कोवळ्या हिरव्या रंगाचे, वर एक गोल वाटी काढलेली. 'वाटी' हेच नाव. तिच्यावर बऱ्याच जणांनी चांगलंचुंगलं लिहिलं. या पुरवणीच्या संपादकांनी मला विचारलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं, कारण माझ्याजवळ नुसतं चांगलंचुंगलं नाही. नंतर वाटलं, तिला इतकी वर्षं सगळ्यांत जास्त निरखून कुणी पाहिलं असेल तर ते मीच. हेवा करणारं माणूस फार नीट बघतं.

ती पुण्याहून आमच्या घरात आली तेव्हा तिला साधं वरणसुद्धा येत नव्हतं. कमर्शियल आर्ट शिकलेली, लग्नाआधी औषधांच्या खोक्यांची चित्रं करणाऱ्या एका छापखान्यात नोकरीला होती. आमचं घर जुन्या हैदराबाद संस्थानातलं, शेती सुटून नोकरीला लागलेलं. बोलण्यात निम्मं मराठी, निम्मं दखनी. पहिल्या आठवड्यात मी तिला "भाजी नक्को का अजून?" म्हटलं तर ती कावरीबावरी होऊन बघत राहिली. सासूबाईंनी तिला माझ्या हवाली केलं. "सुनंदा, हिला जरा हाताशी घे," एवढंच म्हणाल्या.

माझा तेव्हा घरगुती मसाल्याचा व्यवहार होता. मेतकूट, जवसाची चटणी, आणि मुख्य म्हणजे येसर. भाजलेली धान्यं आणि मसाले एकत्र दळून केलेलं ते पीठ आमटीला लावतात. आमच्या भागात लग्नकार्यात त्याच्याशिवाय पंगत उठत नाही. माझं माहेर भैंसा गावाकडलं, तिथली ही कृती. नारायणगुड्यापासून जामबागेपर्यंत मराठी घरांत माझा येसर जायचा. साध्या प्लास्टिकच्या पिशवीत भरायचे, पिशवीचं तोंड मेणबत्तीवर चिकटवायचे, झालं. नाव नाही, गाव नाही. लोक घरी येऊन "सुनंदाबाई, येसर आहे का?" म्हणून विचारायचे, त्यातच मी भरून पावायचे.

मृणालला मी ही कृती शिकवली. सासूबाईंचा शब्द होता म्हणून शिकवली. पण एक जिन्नस सांगितला नाही. माझी आई त्यात मूठभर हुलगे घालायची, इकडे तेलुगूत ज्यांना उलवलु म्हणतात ते, तडतडेपर्यंत भाजून. मृणाल वही घेऊन शेजारी बसली होती. मी म्हणाले, "एवढंच." हुलगे मी आदल्या दिवशीच भाजून, दळून डब्यात ठेवले होते. ती माझ्याकडे क्षणभर बघत राहिली, मग तिनं वही मिटली. तेव्हा ती माझं काही घेईल अशी भीती नव्हती. ती बसली होती सुंदर. पेन्सिल कानावर, पदर खोचलेला, आणि सासूबाई तिच्याकडे कौतुकानं बघत होत्या. एवढं कारण मला पुरलं.

दोन-तीन महिन्यांनी तिनं एक कागद माझ्यापुढे ठेवला. माझ्या पिशवीवर लावायला चिठ्ठी केली होती, रंगवून. "ताई, यावर काहीतरी असायला हवं ना. नाव, एखादं चिन्ह."

मी म्हटलं, "चव काय पिशवीला असते?"

"चव पिशवीला नसते. पण चव आवडली तर माणसाला ती पुन्हा सापडायला हवी ना? तुमच्या गिऱ्हाइकांच्या मुली लग्न होऊन लांब राहायला जातील. त्या दुकानात काय मागतील? सुनंदाबाई?"

मी तो कागद पापडाच्या डब्यात तळाशी घातला, तेल टिपायला. तिनं तो तिथं पाहिला.

पुढे दिरांची नोकरी गेली. ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला, एका लहान कारखान्यात लागले आणि तिघं तिकडे फ्लॅटमध्ये राहायला गेली. सई तेव्हा बालवाडीत होती. घर भागेना म्हणून मृणालनं मसाले करायचं ठरवलं. मला विचारलं तिनं, रीतसर. "ताई, तुमची कृती आहे. तुमची हरकत असेल तर येसर सोडून बाकीचं करते." मी मोठ्या मनाची बाई असल्यासारखं म्हणाले, "कर की! शिकवलं कशाला मग?" मनात म्हटलं, हुलग्यांशिवाय कर.

तिनं दीड महिना एक किलोसुद्धा मसाला केला नाही. नुसती दुकानांत जाऊन उभी राहायची. आमचे हे म्हणायचे, "ती कुकटपल्लीला दिसली होती, एका किराणा दुकानात फळीकडे बघत. घेत काहीच नव्हती." मी हसले होते. एकदा तिच्याकडे गेले तर जमिनीवर तीस-चाळीस कोरे पुडे मांडलेले, सगळे वेगवेगळ्या रंगांचे. म्हणाली, "दुकानात मसाल्याची सगळी फळी लाल-पिवळी आहे, ताई. मिरची आणि हसणारी बाई. तिथं अजून एक लाल कुणाला दिसणार?" तिनं जो हिरवा निवडला तो उन्हाळ्यात इथल्या बाजारात चिंचेचा कोवळा पाला येतो त्याचा. तेलुगू बायका त्या रंगाकडे आपोआप वळतात, कारण तो पाला त्यांच्या वरणात पडतो. आणि वाटी का? तर गिऱ्हाइकांतल्या निम्म्यांना मराठी येत नाही, आणि ज्यांची मातृभाषा मराठी त्यांच्या मुलांना ती वाचता येत नाही. पण वाटी सगळ्यांना कळते. येसराच्या वाटीत तपकिरी रंग, मेतकुटाच्या वाटीत पिवळा. बाकी पुडा मोकळा.

मला ते तेव्हा फार ओकंबोकं वाटलं. तसं मी बोललेही. सहा महिन्यांत कुकटपल्लीतल्या दुकानांत बायका "वो कटोरीवाला मसाला" म्हणून मागायला लागल्या. येसर हा शब्द ज्यांच्या जिभेवर येत नव्हता त्या येसर नेत होत्या. माझ्या दारात येणाऱ्या बायका मात्र कमी कमी होत गेल्या. कुणी वारलं, कुणी मुलाकडे गेलं. त्यांच्या मुली कुठं काय मागत होत्या ते मला माहीत होतं.

खरा घाव बसला तो तिच्या काविळीच्या वेळी. दिवाळीच्या तोंडावर ती अंथरुणाला खिळली. दिरांनी फोन केला, "वहिनी, येसराची मोठी ऑर्डर अडकलीय, जमेल का?" मी केला. हुलगे घालून केला, कारण त्यांच्याशिवाय माझा हात चालत नाही. तिच्याच हिरव्या पुड्यांत भरून पाठवला. दिवाळीनंतर जामबागेच्या कुलकर्णीबाई भेटल्या. पंधरा वर्षं माझ्या दारात येऊन माझा येसर नेणारी बाई. माझा हात धरून म्हणाल्या, "सुनंदाबाई, राग मानू नका, पण यंदा मृणालचा येसर खाल्ला. तुमचाही चांगलाच असतो, पण त्याची सर नाही."

मी त्यांना सांगू शकले असते. जीभ उचलली नाही... कारण सांगून काय झालं असतं? माझाच येसर माझ्या पिशवीत होता तेव्हा चांगला होता आणि तिच्या पुड्यात गेल्यावर त्याला तोड नव्हती. हे सिद्ध करून मला कुठं जायचं होतं?

त्या रागात मी नारायणगुड्याच्या गल्लीतल्या एका छापखान्यात गेले. तिचा पुडा छापखानेवाल्यापुढे ठेवला. त्यानं विचारलं, "ऐसाच होना?" मी म्हटलं, "ऐसाच नक्को. इसके सरीका होना." तो हसला. अशी माणसं त्याच्याकडे रोज येत असणार. हिरवा रंग, वाटीच्या जागी ताट, नाव 'ताट'. आणि दुकानं मी कुठली धरावीत? कुकटपल्लीतलीच. तिनं दीड महिना उभं राहून जी फळी पाहिली होती, तिच्यावर तिच्या शेजारी माझे पुडे लागले. लांबून फरक कळत नव्हता. तसाच हेतू होता.

पण मी घाई केली. आदल्या वर्षीचं सुकं खोबरं उरलं होतं ते वापरलं. एरवी मी असं कधी करत नाही, चाखून, वास घेऊन बघते. त्या वेळी माझं लक्ष येसरावर नव्हतंच, पुड्यावर होतं. पंधरा दिवसांत पीठ खवट झालं.

एका रविवारी दुपारी मृणाल आमच्याकडे आली. चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात आली आणि माझा पुडा ओट्यावर ठेवला.

"ताई, खोबरं खवट आहे."

"आणि?"

"आणि काही नाही. चार दुकानांनी हे पुडे माझ्याकडे परत पाठवले. मी घेतले. गिऱ्हाइकांना माझे दिले आणि चूक झाली म्हणून सांगितलं."

"ते माझे पुडे होते. तू कशाला सांगितलंस?"

"हिरवे होते ना," ती म्हणाली. "हिरव्याचं उत्तर लोक माझ्याकडेच मागतात."

मला माफी मागता आली असती. मी म्हणाले, "हिरवा रंग काय तू विकत घेतलायस?" तिनं पुडा उचलून उजेडात धरला, तिरका करून पाहिला. मला वाटलं, आता फुटणार. ती म्हणाली, "हे ताट कुणी काढलं?"

"छापखानेवाल्यानं."

"चुकलंय. सावली उलट्या बाजूला पडलीय." तिच्या आवाजात खरंच दुखावल्यासारखं काहीतरी होतं. मी तिची चोरी केली याचं नाही, सावली चुकल्याचं. त्या वेळी मला ती जितकी नकोशी झाली तितकी आधी कधी झाली नव्हती.

मग ती पाटावर बसली. "ताई, तुम्हाला माझ्यासारखं कशाला दिसायचंय? माझी वाटी मी काढली कारण माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं. तुमच्याजवळ तुमचं अक्षर आहे." जामबागेतल्या एका शाळेत मी काही वर्षं बालवर्गाला शिकवलं होतं, मुलं बघून गिरवतील असं गोल, मोठं अक्षर काढायची सवय हाताला होती. तिनं पिशवीतून शाई आणि जाड बोरू काढला, म्हणजे ती घरून ठरवूनच आली होती. "'येसर' लिहा." मी लिहिलं. "पुन्हा." मी चाळीसएक वेळा लिहिलं असेल. मधूनच ती म्हणायची, "आता दाखवायला लिहिताय. मुलांसाठी लिहा." शेवटी तिनं त्यातला एक कागद उचलला, ज्यात 'र' जरा खाली घसरला होता, आणि म्हणाली, "हा."

खाकी कागद, त्यावर काळ्या शाईत माझं अक्षर. दुसरं काही नाही. माझे पुडे ती तसेच करून घेऊन आली. गेली सात वर्षं माझा येसर त्यांत जातो. लांबून ओळखू येतो, आणि तो हिरव्याचा कुणीच नाही हेही ओळखू येतं. माझी गिऱ्हाइकं परत आली, काही नवीन आली. आणि मी सुखी झाले का? छे. जो तो पुडा हातात घेऊन म्हणायचा, "काय सुंदर आहे हो! मृणालनं केलं का?" माझं स्वतःचं अक्षरसुद्धा तिच्या नावावर गेलं.

तिचं आजारपण सात-आठ महिन्यांचं. दुखणं कळलं तेव्हाच उशीर झाला होता. शेवटची भेटले ती दुपारच्या वेळी, मऊ भात आणि मेतकूट घेऊन. बसमधून जाताना मी ठरवलं होतं, आज तिला हुलग्यांचं सांगायचं. इतकी वर्षं गेली, आता काय ठेवायचं. ती खिडकीपाशी पडली होती, फार लहान झाली होती. मला बघून पहिलं काय म्हणाली? "ताई, हे बघा." गोळ्यांचे दोन खोके दाखवले. "दोन वेगळ्या गोळ्या आणि खोके अगदी एकसारखे. सईच्या बाबांचा रोज गोंधळ होतो. म्हाताऱ्या माणसानं काय ओळखायचं?" तिनं एका खोक्यावर पेनानं सूर्य काढला होता, दुसऱ्यावर चंद्रकोर. अंथरुणात पडून काढली होती, तरी कोर बरोबर आली होती.

दोन घास खाल्ले. "मेतकूट तुमचंच," म्हणाली. मी तिच्या उशाशी तासभर बसले. ओठांवर शब्द येत होता आणि मी गिळत होते. तिच्याकडे बघून असंच वाटत राहिलं की हिच्यापाशी सगळं आहे, अजूनही, या अंथरुणातही. मला एक मूठ तरी माझी राहू दे. असा हिशेब करायची ती वेळ नव्हती, हे मला कळत होतं. उठताना तिनं माझा हात दाबला. "पुन्हा या," म्हणाली. नऊ दिवसांनी तो पांढरा निरोप आला.

तेराव्यानंतर सईनं मला बोलावलं. ती कुकटपल्लीतच एका कंपनीत नोकरी करते, पण 'वाटी' बंद करायची नाही असं तिनं ठरवलंय. मृणालची कामाची खोली तिनं हलवलेली नव्हती. उतरतं टेबल, भिंतीला टाचलेले रंगांचे तुकडे, खिडकीत वाळत ठेवलेले ब्रश. सईनं एक वही पुढे केली. "काकू, हे आईचं. रेसिपी आहेत ना? मला एवढं फास्ट मराठी नाही वाचता येत. जरा वाचून दाखव ना, मी टाइप करते."

मी वाचत गेले. येसराचं पान आलं. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, तांदूळ, धणे, जिरे... एकेकाचं माप. सगळं मी सांगितलेलं, बावीस वर्षांपूर्वी, त्या स्वयंपाकघरात. सगळ्यात खाली एक ओळ होती, त्याच दिवसाच्या शाईत: "अजून एक आहे. ताईंना विचारायचं नाही."

मी थांबले.

"पुढे?" सई म्हणाली. बोटं फोनवर तयार.

विचारायचं नाही, हे तिनं मानीपणानं लिहिलं की मला सांभाळून घेण्यासाठी, मला कळलं नाही. अजूनही कळत नाही. पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं आणि ती त्याच अर्ध्या कृतीवर उभी राहिली, एवढं मात्र कळलं. आणि काय सांगू, त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटला.

"हुलगे," मी म्हटलं. "उलवलु. मूठभर. तडतडेपर्यंत भाजायचे."

"हे आईनं लिहिलंय?"

"हौ," मी म्हटलं. "इथं खाली लिहिलंय."

तिनं टाइप केलं. मी वही मिटली. मी माझी चोरी लपवली की शेवटी एकदाचं देऊन टाकलं, ते मला ठरवता आलेलं नाही. सई ही पुरवणी वाचत नाही म्हणून हे इथं लिहिण्याचा धीर होतो. कुणी तिला वाचून दाखवलं तर दाखवू दे. आता हरकत नाही.

निघताना सई म्हणाली, "काकू, आईचं काहीतरी ने ना. साडी ने." मी टेबलावरची स्टीलची पट्टी उचलली. फूटभर लांबीची, आकडे निम्मे पुसलेले, डाव्या बाजूला तिचा अंगठा जिथं दाबला जायचा तिथं चकचकीत झालेली. सईला नवल वाटलं, पण तिनं दिली.

आता पुडे भरून झाले की मी ती पट्टी वरच्या कडेला धरते, माझा अंगठा त्या चकचकीत जागी ठेवते आणि पुड्याचं तोंड दुमडते. आमचे हे म्हणतात, "एवढा वेळ कशाला लावतेस? आत मसालाच आहे ना?" तिच्या हातचा एक हिरवा पुडा मी फोडला नाही, तो ओट्यावर उभा असतो. माझा पुडा त्याच्या शेजारी ठेवून बघते. तिची घडी जास्त सरळ आहे. मग मी माझी उलगडते आणि पुन्हा घालते.